केवढीशी

थांबा पाव्हणं, गाडीतून उतरायच्या आधी जीभ दाताखाली धरा. पाणी प्या, पान खा, फोटो काढा, कुणी नको म्हणणार नाही. पण समोर ती निजलेली पोर बघून तुमच्या तोंडात जो शब्द येऊ घातलाय ना, तो तेवढा गिळा. आमच्या तांबखिंडीच्या फाट्यावर तिच्याकडं बघून एकच बोलायचं असतं, "अगं बाई, केवढीशी!" हसू येतंय? येणारच. अठ्ठावीस हात लांबीची सिमेंटची पोर, तिच्या तळहातावर माणूस मांडी घालून बसेल, आणि तिला म्हणायचं केवढीशी! पण चाळीस वर्षं या टपरीत चुना लावत बसलेल्या म्हाताऱ्याचं ऐका. पानालाच हं, गिऱ्हाइकाला नाही.

आता नीट बघा. एका कुशीवर निजली आहे, गुडघे पोटाशी घेतलेत, एक हात गालाखाली. डोळे मिटलेले दिसतात का? रंगवले तेव्हा ते उघडे होते. खिंडीतून सुतासारखी सरळ येणारी सडक तिच्या पाठीशी येऊन वळसा घालते, कारण तिला हलवणं कुणाला जमलं नाही. पलीकडच्या शेतात ते खवल्याखवल्यांचे गोळे पडलेत, ते दगड नव्हेत, सीताफळं आहेत. तिच्या टोपलीतली. आणि अलीकडचं हे तळं. काठानं फिरून या म्हणजे कळेल, डाव्या पावलाचा ठसा आहे. बोटं मोजाल तर चारच भरतील. करंगळीच्या जागी नुसता उतार आहे.

हे असं का झालं, ते असं सांगतात.

मोठ्या दुष्काळाच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा खिंडीतला चढ फोडून नवी सडक झाली आणि मोटारी सुसाट जायला लागल्या. पूर्वी चढावर इंजिन तापायचं म्हणून प्रत्येक गाडी इथं थांबायची. आता कशाला थांबेल? केरबा हॉटेलवाला माशा मारत बसायचा. बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन दिवसभर उन्हात उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी तीच पिकून फुटलेली फळं घरी न्यायच्या. गाव बसलं पारावर. केरबा म्हणाला, "गाडी थांबायला पायजे असं कायतरी उभं करा. लांबून दिसंल असं. कुणी केलं नसंल असं." कुणी म्हणालं बैल करू, कुणी म्हणालं सीताफळच करू. शेवटी सगळ्यांनी हैबती मिस्त्रीकडं बघितलं.

हैबती मिस्त्री म्हणजे आमच्या पंचक्रोशीतला नावाजलेला गवंडी. देवळांची शिखरं त्यानं बांधलेली, शिखरावरच्या मूर्ती त्याच्या हातच्या. डाव्या पायाची करंगळी लहानपणी दगडाखाली गेली होती, त्यामुळं ओल्या सिमेंटवर पाऊल उमटलं की सगळे ओळखायचे, हा मिस्त्री इथून गेला. स्वभावानं सरळ, पण कामाला लागला की त्याला आगापिछा कळायचा नाही. हैबती म्हणाला, "पोर करू. डोक्यावर सीताफळांची टोपली घेतलेली. पाच वर्षांची."

पाच वर्षांची का, ते गावाला ठाऊक होतं. हैबती आणि अनसूया यांची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथी झाली तेव्हा तिच्यावर यमाची नजर पडू नये म्हणून नाव ठेवलं दगडाबाई. दगड कोण उचलून नेणार? ती जगली. पाच वर्षांची झाली, बापाची थापी घेऊन अंगणात चिखलाच्या भिंती घालायला लागली. बाप कामावरून आला की ती त्याच्या पायाची बोटं मोजायची, चार येऊन थांबायची आणि दरवेळी विचारायची, "आबा, पाचवं कुठं ठेवलं?" त्या माणसाला त्या पोरीपलीकडं जग नव्हतं.

माप घ्यायचं म्हणून त्यानं दगडीला खळ्यावर उताणी निजवली. तिच्या अंगाभोवती चुन्याच्या फक्कीची रेघ ओढली. डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली आणि बोटाबोटावर गाठी मारल्या. छप्पन्न बोटं भरली. त्यानं ठरवलं, दगडीच्या एका बोटाला पुतळ्याची एक वीत. म्हणजे छप्पन्न विती, म्हणजे अठ्ठावीस हात. तेवढाच एक दोर त्यानं वेगळा काढला. हे सगळं करताना सुतळीचं टोक पलीकडं घरंगळलं आणि ते धरायला मिस्त्री निजलेल्या पोरीवरून तंगडी टाकून पलीकडं गेला.

अनसूया दारात पीठ चाळत होती. ती ओरडली, "अहो, पोर ओलांडली की! आधी माघारी फिरा!"

तुम्ही शहरातले असलात तरी एवढं ठाऊक असेल. निजलेलं लेकरू ओलांडू नये, वाढ खुंटते. चुकून ओलांडलंच, तर त्याच पावली उलटं ओलांडून यायचं. शेंबड्या पोराला कळतं हे. मिस्त्रीलाही कळत होतं. "फिरतो गं," तो म्हणाला. तेवढ्यात सडकेवर सिमेंटची गाडी येऊन भोंगा वाजवायला लागली, ढग दाटलेले, पोती भिजतील म्हणून तो पलीकडूनच धावला. दगडी उठली, फक्की झटकली आणि खेळायला गेली. फिरायचं राहिलं ते राहिलंच.

सात महिन्यांत पुतळा उभा राहिला. काय पुतळा होता म्हणता! परकराच्या चुण्या वाऱ्यानं हलतायत असं वाटायचं. डोक्यावर टोपली, टोपलीत रचलेली सीताफळं, आणि डोळे दगडीचेच, टकामका बघणारे. पहिल्या दिवशी पहिली एस्टी थांबली, खिडक्यांतून माना बाहेर आल्या आणि सगळी गाडी एका तोंडानं म्हणाली, "अबब! केवढी मोठी!"

मग काय, थांबायलाच लागल्या गाड्या. लोक उतरायचे, मान मागं टाकून बघायचे, "केवढी मोठी!" म्हणायचे, चहा घ्यायचे, सीताफळं घ्यायचे. केरबानं दोन भट्ट्या वाढवल्या. बायकांच्या पाट्या दुपारपर्यंत रिकाम्या व्हायला लागल्या. हैबती कामावर जाता-येता पुतळ्याखाली थांबायचा आणि लोकांचं ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचा. आपल्या लेकीचं कौतुक कुणाला नको असतं?

मिस्त्रीचा एक नेम होता. दर पाडव्याला दगडीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करायची आणि डोक्यावर खिळ्यानं एक रेघ मारायची. त्या पाडव्याला रेघ मारली, तर ती गेल्या वर्षीच्या रेघेवरच बसली. अनसूयेचा चेहरा उतरला. पुढच्या पाडव्याला रेघ दोन बोटं खाली आली.

"सुतळी आण," मिस्त्री म्हणाला. पोरीला निजवून सुतळी धरली. सुतळी टाचेपुढं दोन गाठी उरली. दिवाळीचा परकर कमरेवरून घसरत होता, बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. पोर आजारी म्हणावी तर तसंही नाही. खात होती, पीत होती, खेळत होती. सहा सरून सातवं लागलं होतं आणि पोर मापानं साडेचारची झाली होती.

त्याच आठवड्यात पुतळ्याला रंग द्यायचा म्हणून त्यानं परांची बांधली. गेल्या वर्षीचेच बांबू, गेल्या वर्षीच्याच खुणा. वर चढला तर हात टोपलीला पोचेना. दोर सोडून बघितला, तर तो पुतळ्याच्या घोट्याशी संपला. मिस्त्री उतरला आणि तसाच परांचीखाली बसला. भर दुपारची वेळ, सडकेवर चिटपाखरू नव्हतं. दगडी बापाची भाकरी घेऊन आली होती, त्याच्या पायाशी बसली होती. इतक्यात एक मालमोटार आली, वेग कमी झाला, क्लीनर खिडकीतून ओरडला, "केवढी मोठी रं!" आणि गाडी गेली.

दगडीनं बापाचा पाय घट्ट धरला. "आबा," ती म्हणाली, "मला कुणीतरी उपसतंय."

"काय?"

"विहिरीतनं पाणी उपसत्यात ना, तसं. लोक बोलले की उपसतंय." तिनं मान वर करून पुतळ्याकडं बघितलं. "ती पिते."

मिस्त्री ताडकन उठला. त्यानं पोरीला उचललं. ती खरंच हलकी लागली.

गावात गिरजाआजी म्हणून सुईण होती. दगडीची नाळ तिनंच कापलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हैबत्या, पोर ओलांडली हुतीस का?"

मिस्त्रीनं खाली मान घातली.

"आन् फिरला न्हाईस."

तिथल्या तिथं दगडीला निजवलं आणि हैबतीनं तिला उलटं ओलांडलं. एकदा नाही, सात वेळा. दुसऱ्या दिवशी सुतळी धरली. आणखी एक गाठ उरली. आजी म्हणाली, "तिची वाढ तिच्यापाशी असती तर फिरली असती रं. रेघ मारून, गाठी बांधून तूच ती तिकडं नेऊन उभी केलीस. आता वलांडायचं तर तिला वलांड. आन् ध्यानात ठेव, फोडायची न्हाई. तिला तडा गेला तर पोरीला जाईल." मग म्हणाली, "पर उभ्या माणसाला कोण वलांडणार?"

हैबती केरबाकडं गेला. केरबा काही वाईट माणूस नव्हता, हे आम्ही फाट्यावरचे आजही सांगतो. त्यानं मिस्त्रीला बसवलं, चहा दिला. "निदान झाका रं तिला," मिस्त्री म्हणाला, "ताडपत्री टाका. लोकांना दिसायला नको. माझं लेकरू चाललंय हातचं."

"हैबती, तुझं दुःख कळतंय मला," केरबा म्हणाला. "पर तिला झाकली तर फाटा मेला. पन्नास घरं जगत्यात तिच्यावर. पोरगी आजारी हाय, आपन शहरात नेऊ, डागदरला दाखवू, सगळं गाव मदत करंल. तू भलतंसलतं मनात आणू नगंस."

गावानं मान डोलावली. मिस्त्रीला कळलं, आता आपलं आपणच बघायचं. तेव्हापासून त्यानं थापी हातात धरली नाही. सकाळपासून सडकेवर उभा राहायचा, गाडी थांबली की हात जोडायचा. "दादा, बघा, पण तेवढं बोलू नका." लोकांना गंमत वाटायची. माणसाची जातच अशी, नको म्हटलं की तेच करणार. मुद्दाम खिडकीतून तोंड काढून ओरडायचे, "केवढी मोठी! केवढी मोठी!" आणि बापाच्या कडेवर दगडी डोळे मिटून घ्यायची.

एके दिवशी एस्टीतून एक म्हातारी उतरली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला त्या पुतळ्याची उंची कळली नाही. तिला दिसला नुसता पोरीसारखा आकार आणि डोक्यावर टोपली. हात कपाळाला लावून ती कळवळून म्हणाली, "अगं बाई, केवढीशी पोर ती, आन् डोईवर केवढं वझं! कुणी उतरवत का न्हाई तिचं?"

गिलाव्याचा एक खपला पुतळ्याच्या खांद्यावरून निघाला आणि मिस्त्रीच्या पुढ्यात पडला. दगडीनं डोळे उघडले. "आबा," ती म्हणाली, "सोडलं तिनं. थोडं सोडलं."

मिस्त्री ढसाढसा रडला म्हणे, भर सडकेवर. शब्द सापडला होता. अनसूया, गिरजाआजी आणि हैबती, तिघं दिवसभर पुतळ्यापुढं बसून "केवढीशी, केवढीशी" म्हणायला लागले. पण तिघांची तोंडं किती पुरणार? एका गाडीत पन्नास माणसं असतात. दिवसभर म्हणून एक बोट मिळवायचं आणि संध्याकाळच्या एस्टीनं दोन बोटं जायची.

असं करता करता वैशाख आला, देवीची जत्रा आली. जत्रेच्या वाटेवरचा फाटा, त्यातून केरबानं यंदा कर्णा आणला होता. हॉटेलच्या दारात तो तोंडाला लावून सकाळपासून स्वतःच बोलायला बसला, "या, या, बघा! तांबखिंडीची पोर बघा! केवढी मोठी! आहे का कुठं अशी? केवढी मोठी!" गाड्यांवर गाड्या थांबल्या. सडकेवर पाय ठेवायला जागा नव्हती. केरबा म्हणायचा आणि लोक मागून म्हणायचे, शाळेत पाढे म्हणतात तसे.

त्या दिवशी पुतळा वाढताना लोकांनी डोळ्यांनी बघितला. आधी टोपली करकरली. मग परकराच्या चुण्या ताणल्या गेल्या. बघणाऱ्यांना वाटलं उन्हानं डोळे दिपलेत, म्हणून ते आणखी मोठ्यानं ओरडले. बारा वाजले. कुणाचीच सावली दिसेना, सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गेल्या होत्या. आणि गर्दीतून वाट काढत हैबती मिस्त्री आला, मागून अनसूया. मिस्त्रीनं मुंडासं सोडून त्याची झोळी केली होती आणि झोळीत दगडी होती. बारशाच्या लेकराएवढी. चेहरा मात्र सात वर्षांच्या पोरीचा. तोंड उघडत होती, आवाज येत नव्हता.

ते बघून पुढचे लोक गप्प झाले, मग त्यांच्या मागचे. केरबाचा कर्णा एकटाच एकदा ओरडला आणि तोही थांबला.

मिस्त्रीनं झोळी अनसूयेच्या हातात दिली. तो पुतळ्याच्या पायाशी गेला. त्याला म्हणे त्या मोतीबिंदूवाल्या म्हातारीचं बोलणं आठवलं. दीड वर्ष ही पोर इथं उन्हापावसात उभी आहे, डोक्यावर ओझं घेऊन, आणि तिला बनवणाऱ्या बापानंसुद्धा कधी म्हटलं नाही की बस. संध्याकाळी दगडी अंगणातून यायला नको म्हणायची तेव्हा ज्या आवाजात तो तिला हाक मारायचा, त्याच आवाजात तो त्या सिमेंटच्या पोरीला म्हणाला, "दगडे, दमलीस माय. टोपली ठेव खाली. नीज आता."

ती हलली.

लोक पळाले. जत्रा, बैलगाड्या, पोरंबाळं, सगळी जीव मुठीत धरून खिंडीकडं पळाली. जे पळू शकले नाहीत त्यांनी सांगितलेलं हे आहे. टोपली आधी खाली आली आणि सीताफळं गडगडत शेतात गेली. मग तिनं गुडघे मोडले, एक हात टेकला, कुशीवर झाली, दुसरा हात गालाखाली घेतला. भुई दणाणली, पण एक वीट निखळली नाही. सगळ्यात शेवटी तिनं डोळे मिटले. धुरळा खाली बसला तेव्हा ती सडकेवर आडवी निजली होती, आणि तिचं निजलेलं अंगसुद्धा घरापेक्षा उंच होतं.

"शिडी आणतो," कुणीतरी म्हणालं. "चढ आन् उतर पलीकडं."

"चढणं-उतरणं म्हंजी वलांडणं न्हवं," गिरजाआजी म्हणाली. "येका पावलात."

"ते कसं व्हावं आजी?" अनसूया म्हणाली. झोळीतला श्वास आता तिला हाताला लागत नव्हता.

हैबती मिस्त्रीनं तिच्या अंगाची उंची नजरेनं मोजली. मग केरबाकडं वळला. केरबा हॉटेलच्या दारात उभा होता, कर्ण्याचा दांडा अजून त्याच्या हातात. मिस्त्री म्हणाला, "केरबा, मी वळसा घालून तिच्या पलीकडं जातो. जेवढी माणसं उरलीत तेवढी गोळा कर. मी हाक दिली की मला म्हणा."

"काय म्हणू?"

"दीड वर्ष जे म्हणतोस तेच."

केरबाला कळलं. तो म्हणाला, "हैबती, आन् तू परत कसा...?"

"माझं नंतर बघू," मिस्त्री म्हणाला. त्यानं झोळीत वाकून पोरीच्या कपाळाला हात लावला. पायातल्या वहाणा काढून अनसूयेपुढं ठेवल्या. "ओलांडताना पायताण नको," म्हणाला, आणि त्या निजलेल्या पोरीच्या डोक्याकडून वळसा घालून दिसेनासा झाला. अनसूया त्याला काही म्हणाली का? लोक वेगवेगळं सांगतात. दगडाबाई म्हणते, आईनं वाकून त्या वहाणा उचलल्या.

पलीकडून हाक आली, "म्हणा!"

केरबानं कर्णा तोंडाला लावला. त्यानं म्हटलं, "हैबती, केवढा मोठा रं तू!" मग उरलेली माणसं म्हणाली. सीताफळवाल्या बायका म्हणाल्या, गिरजाआजी म्हणाली. "केवढा मोठा! केवढा मोठा!" आणि खोटं कुणाच्याच मनात नव्हतं हो. सगळे रडत होते आणि म्हणत होते.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि गावावर सावली आली. भर बारा वाजता. तिच्यात गारवा होता म्हणतात, विहिरीच्या तळाशी असतो तसा. कुणी वर बघितलं नाही. सावली त्या निजलेल्या पोरीवरून सरकत अलीकडं आली आणि मग भुई एकदाच खचली. पुरुषभर खोल, मिस्त्रीच्या मापाचे दोन दोर भरून वर नऊ हात लांब. चार बोटं. त्या ठशातून पाणी वर आलं.

अनसूयेच्या झोळीतून दोन पाय बाहेर लोंबले आणि बघता बघता जमिनीला टेकले. सात वर्षांची दगडी झोळीतून उभी राहिली. पलीकडं पुतळा आटून पुन्हा अठ्ठावीस हातांवर आला; आजही दोर लावून बघा, बोटभर फरक सापडणार नाही. दगडीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "आबा कुठंय?" म्हणाली.

सावली तेव्हा पूर्वेच्या डोंगरापलीकडं चालली होती. घाबरलेली, हरखलेली माणसं पोरीभोवती गोळा झाली, आणि जो एक शब्द म्हणायला हवा होता तो म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा सावली ऐकण्यापलीकडं गेली होती. मिस्त्री पोरीचं माघारी फिरायचं विसरला होता. आम्ही मिस्त्रीचं विसरलो.

केरबानं तो कर्णा तळ्यात टाकला. त्याच्या नातवाच्या हॉटेलात आजही पाटीवर 'मोठा चहा' दिसणार नाही. अर्धा आणि अख्खा. आजही आमच्या गावात कुणी कुणाला चुकून ओलांडलं तर सगळी आळी ओरडते, "माघारी फीर!" आणि हातातलं काम टाकून माणूस फिरतो. मग दारात गाडी भोंगा वाजवत असो नाहीतर घराला आग लागलेली असो. आजही वैशाखात एखाद्या दिवशी बाराच्या सुमाराला निरभ्र आभाळातून गार सावली सरकत येते. बायका वर बघत नाहीत. तोंडानं तेवढं म्हणतात, "केवढासा, केवढासा," आणि ती थोडी रेंगाळून जाते.

दगडाबाई साठीच्या पुढं आहे. ना उंच ना बुटकी, बापाला हवी होती तेवढीच झाली. ती बघा, तळ्याच्या टाचेशी बसलेली. दर पाडव्याला ती बापाच्या त्याच दोरानं तळं मोजते. तिच्या लहानपणी दोन दोर आणि नऊ हात भरायचं. आता दीड दोराला एक हात कमी पडतो. पावसाळा कसाही जावो, तळं दरसाल थोडं आवळतं. गणित करू नका पाव्हणं, आम्ही केलेलं आहे. तिच्या हयातीत ते पाऊल वहाणेत मावण्याएवढं होणार नाही. ती गणितात कच्ची नाही. म्हणून तर गेल्या पाडव्याला तिनं दोर नातीच्या हातात दिला, आणि वहाणांना तेल कसं लावायचं तेही दाखवलं.

मोजून झालं की ती तळ्यात पाय सोडून बसते, बोटं मोजल्यासारखं करते आणि म्हणते, "आबा, राहू द्या पाचवं. तुम्ही या."

फोटो झाले असतील तर आता काठावर या. निजलेल्या पोरीला तुम्ही म्हणालात, चांगलं केलंत. पण खरं म्हणायचं ते इथं. चपला काढा. दगडाबाईच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात म्हणा, आणि मनापासून म्हणा, कारण तळ्याला कळतं. तुमच्या एका शब्दानं तो एक पाऊल घराकडं येतो.

म्हणा, पाव्हणं. "अगं बाई, केवढंसं पाऊल!"